वेणीच्या विणीच्या स्वेटरसाठी सुट्या लडींची शुद्ध लोकर

साताऱ्याच्या बाजारात ‘लोकर’ म्हणून जे गुंडे विकले जातात, त्यांतले बहुतेक अ‍ॅक्रिलिकचे असतात. ते टिकाऊ असतात, रंगांना तोटा नसतो, यंत्रात धुतले तरी बिघडत नाहीत आणि लहान मुलांच्या टोप्या-मोज्यांसाठी त्यांच्याविषयी माझी कोणतीही तक्रार नाही. परंतु ज्या स्वेटरवर वेण्या उठवायच्या आहेत आणि ज्याची सारी शोभा त्या वेण्यांच्या उठावावर अवलंबून आहे, त्या स्वेटरसाठी मेंढीची खरी लोकरच घ्यावी, असे माझे ठाम मत झाले आहे. खणआळीच्या परिसरातील एका जुन्या दुकानात ही लोकर सुट्या लडींच्या रूपात, वजनावर मिळते. सासऱ्यांसाठी तिचा बिनबाह्यांचा स्वेटर मी पूर्ण विणला, तो धुतला, आणि थंडीत त्यांनी तो नियमित वापरला. त्या अनुभवावर हे परीक्षण आधारले आहे. परीक्षण लोकरीचे आहे, दुकानाचे नाही, म्हणून दुकानाचे नाव देत नाही. जाणकारांना ते विचारून सहज सापडेल.

बिनबाह्यांचाच स्वेटर का, हे साताऱ्यात राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटे अजिंक्यताऱ्याची वाट चढताना छाती आणि पाठ झाकलेली हवी असते, हात मात्र मोकळे हवे असतात. आणि खाली उतरेपर्यंत ऊन असे चढते की पूर्ण बाह्यांचा स्वेटर काढून हातात धरावा लागतो. सासऱ्यांचा रोजचा फिरण्याचा क्रम हाच आहे. अ‍ॅक्रिलिकच्या आधीच्या स्वेटरमध्ये चढण संपेपर्यंत त्यांची पाठ घामाने चिकट व्हायची आणि माथ्यावरचे वारे लागले की तीच पाठ गार पडायची. लोकरीचा तंतू आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्क्यांपर्यंत बाष्प शोषून घेतो आणि तरीही हाताला ओला लागत नाही. अ‍ॅक्रिलिक बाष्प जवळजवळ शोषतच नाही. या एका गुणासाठी मी लोकरीकडे वळले. वेण्यांच्या बाबतीत तिचा जो फायदा झाला, तो विणायला बसल्यावर उमगला.

लड सुमारे १०० ग्रॅमची असते. सूत चार पदरी, मध्यम जाडीचे, पीळ घट्ट आणि गोल. बाहेरच्या देशांत ‘अ‍ॅरन’ जाडीचे म्हणून जे सूत ओळखले जाते, त्याच्या बरोबरीचे. लडीवर कागदी पट्टी नाही, त्यामुळे वुलमार्कसारखे चिन्ह, जे १९६४ पासून शुद्ध लोकरीची ओळख म्हणून वापरले जाते, तेही नाही. माल लुधियानाहून येतो, असे दुकानात सांगतात. अशा वेळी ग्राहकाने स्वतः खात्री करून घेणे योग्य ठरते आणि ती करणे अवघडही नाही. बोटभर धागा चिमट्यात धरून पेटवावा. खरी लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो, ज्योत दूर केली की ती आपोआप विझते आणि मागे उरलेली राख बोटांत चुरगळते. अ‍ॅक्रिलिक वितळत जाते आणि टोकाला कडक काळा मणी उरतो. दुकानाच्या मालकीणबाईंनी ही चाचणी मी न मागताच करून दाखवली आणि राख माझ्या तळहातावर ठेवली. ग्राहकाला इतक्या मोकळेपणाने माल तपासू देणारे दुकानदार आता कमी राहिले आहेत, म्हणून त्याची नोंद मुद्दाम करीत आहे.

मी प्रथम गडद मेंदी रंगाची लड उचलली होती. त्यावर त्या म्हणाल्या, “ताई, वेणी घालणार असाल तर इतका गडद रंग घेऊ नका. विणताना तुम्हालाच टाके दिसायचे नाहीत, आणि विणून झाल्यावर वेणीसुद्धा दुसऱ्याला दिसायची नाही.” हा सल्ला तंतोतंत खरा आहे. वेणी दिसते ती तिच्या कडेला पडणाऱ्या सावलीमुळे, आणि काळपट रंगात सावली हरवते. मी शेवटी फिकट राखाडी रंग घेतला. मळकट पांढरा, भुरा किंवा फिकट निळा घेतला असता तरी चालला असता. रंगीबेरंगी छटांचे सूत मात्र वेणीसाठी अजिबात घेऊ नये. रंगांचे पट्टे आणि विणीचे उठाव एकमेकांना मारून टाकतात.

मेंढीची लोकर म्हटल्यावर साताऱ्या-सांगलीच्या माणसाच्या मनात घोंगडी येते, आणि ‘ती टोचेल’ ही शंका माझ्या घरातही निघाली. माण, खटाव, आटपाडी, जत या दुष्काळी पट्ट्यात धनगरांचे कळप हिंडतात. दख्खनी मेंढीची लोकर भरड, आखूड तंतूची आणि बहुधा काळी-करडी असते. सणगर मंडळी खड्ड्याच्या मागावर तिची घोंगडी विणतात आणि चिंचोक्यांची खळ देऊन ती इतकी घट्ट करतात की पावसाचे पाणी तिच्यावरून निथळून जाते. त्या कामासाठी त्या लोकरीला तोड नाही, परंतु दोन सुयांवर विणून अंगालगत घालण्यासाठी ती नव्हे. दुकानातली ही लोकर मऊ जातीची आहे. मेरिनो मेंढीच्या लोकरीइतकी तलम ती नाही. मानेच्या उघड्या त्वचेला किंचित जाणवते, शर्टावरून घातली तर मुळीच जाणवत नाही. सासरे कॉलरचा शर्ट घालून त्यावर स्वेटर चढवतात, त्यामुळे त्यांना त्रास झाला नाही. ज्यांची त्वचा हळवी आहे त्यांनी लडीचा फेरा मानेभोवती थोडा वेळ धरून पाहावा आणि मग निर्णय घ्यावा.

आता वेणीविषयी, कारण या लोकरीचा खरा कस तिथे लागतो. वेणी म्हणजे टाक्यांची अदलाबदल. सहा सुलट टाक्यांच्या पट्ट्यातले पहिले तीन टाके जादा सुईवर घेऊन बाजूला ठेवायचे, पुढचे तीन आधी विणायचे आणि मग बाजूला ठेवलेले तीन विणायचे. जादा सुई कामाच्या पुढच्या बाजूला धरली तर पीळ डावीकडे झुकतो, मागच्या बाजूला धरली तर उजवीकडे. दर आठव्या ओळीला ही अदलाबदल केली की दोर वळल्यासारखी वेणी वर चढत जाते. दोन्ही बाजूंना दोन-दोन उलट टाक्यांची जमीन असली की ती खाली दबते आणि वेणी वर उचलली जाते. अदलाबदलीच्या ओळीत टाक्यांवर चांगलाच ताण येतो, कारण ज्या टाक्याला सरळ वर जायचे असते त्याला तीन घरे ओलांडून तिरके जावे लागते. अ‍ॅक्रिलिकचे सूत हा ताण सोसते, परंतु ताणले गेल्यावर पूर्ववत होत नाही. वेणीच्या पिळाशेजारी लहान लहान भोके राहतात आणि काही महिन्यांनी वेणी सपाट पडते. लोकरीच्या तंतूला स्वतःची नैसर्गिक नागमोड असते. तो ताणला जातो आणि सोडला की परत आखडतो. त्यामुळे पिळाशेजारची भोके आपोआप मिटतात आणि वेणी भरीव राहते. दोन्ही सुतांचे नमुने शेजारी ठेवून मी घरच्यांना दाखवले. विणकामाचा गंध नसलेल्यांनीही लोकरीच्या नमुन्यावरच बोट ठेवले.

वेणीचा स्वेटर विणणाऱ्याने एक हिशेब आरंभीच करावा लागतो, आणि बाजारात मिळणाऱ्या विणीच्या पुस्तिकांमध्ये तो बहुधा सापडत नाही. वेणी कापड आत ओढते. या लोकरीचे सात नंबरच्या सुयांवर, म्हणजे साडेचार मिलिमीटरच्या सुयांवर, साध्या सुलट विणीत १० सेंटिमीटरला १८ टाके बसतात. म्हणजे सहा टाक्यांना सव्वातीन सेंटिमीटरच्या आसपास जागा लागते. तेच सहा टाके वेणीत अडीच सेंटिमीटरच्या आत बसतात. हा फरक लक्षात न घेता साध्या विणीचे माप धरले तर स्वेटर छातीवर अंगाला चिकटून बसतो. सासऱ्यांची छाती ३८ इंच. थोडा सैलपणा धरून तयार घेर १०२ सेंटिमीटर हवा होता, म्हणजे एका बाजूला ५१ सेंटिमीटर. साध्या विणीच्या हिशेबाने त्याला ९२ टाके होतात. एका बाजूला पाच वेण्या, आणि दर वेणीला दोन टाके जादा, असे धरून १०२ टाके केले. खालची बॉर्डर ९२ टाक्यांवरच नऊ नंबरच्या बारीक सुयांनी दोन सुलट, दोन उलट अशी घातली आणि तिच्या शेवटच्या ओळीत, जिथे वेणी सुरू व्हायची त्याच्या बरोबर खाली, दोन-दोन टाके वाढवले. वाढ त्या जागी केल्याने बॉर्डर पसरत नाही आणि वेणी सुरुवातीपासून भरलेली दिसते.

टाक्यांची वाटणी अशी बसली: पाच वेण्यांचे ३०, त्यांच्या दोन्ही कडांच्या उलट टाक्यांचे २०, वेण्यांमधल्या चार पट्ट्यांत पाच-पाच असे २०, आणि दोन्ही काखांकडे सोळा-सोळा असे ३२. मधल्या पट्ट्यांत आणि काखांकडे एक सुलट, एक उलट, आणि पुढच्या ओळीत सुलटावर उलट व उलटावर सुलट, अशी दाणेदार वीण ठेवली. ही वीण थोडी पसरते, वेणी आखडते, आणि दोघी एकमेकींना सावरून घेतात. स्वेटर अंगावर नीट बसण्यात या जोडीचा वाटा मोठा आहे. दाणेदार विणीत लोकरीचा घट्ट पीळ विशेष शोभतो. एकेक दाणा वेगळा मोजता येईल इतका स्पष्ट उठतो. सैल पिळाच्या सुतात हेच दाणे लवबट होऊन एकमेकांत मिसळतात.

गळा टोकदार ठेवायचा असेल तर मधली वेणी नेमकी मध्यावर यायला हवी. गळ्याच्या टोकाशी आल्यावर तिचे सहा टाके तीन-तीन असे दुभागले की वेणीचे दोन पेड गळ्याच्या दोन्ही कडांनी खांद्यापर्यंत चालत जातात. टाके कमी करायचे ते या तीन टाक्यांच्या पलीकडे, म्हणजे पेडांच्या बाहेरच्या अंगाला. तसे केल्यास गळ्याची कड आपोआप रेखीव होते. सबंध स्वेटरमध्ये मला सर्वांत समाधान देणारी जागा ही आहे. खांद्याचे टाके बंद करतानाही वेणीच्या माथ्यावर दोनाचा एक करीत जावे, म्हणजे खांद्याची शिवण झालरीसारखी फुलत नाही. मुंढ्याच्या पट्टीसाठी कडेचे टाके उचलताना दर चार ओळींमागे तीन टाके हे प्रमाण या लोकरीला चपखल बसले.

अ‍ॅरन बेटांच्या नावाशी जोडलेल्या या वेण्यांविषयी एक गोष्ट वारंवार ऐकायला मिळते, ती अशी की प्रत्येक कोळी घराण्याची वीण ठरलेली असे आणि समुद्रात बुडालेल्या माणसाची ओळख त्याच्या स्वेटरवरून पटे. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या त्या तीन बेटांवर वेणीदार स्वेटर आजच्या रूपात आला तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, आणि घराण्यांच्या विणींच्या कथेला आधार नाही. विणणाऱ्यांनी आपापल्या कौशल्याने आणि एकमेकींचे पाहून हे नमुने घडवले, ही वस्तुस्थिती मला त्या कथेपेक्षा अधिक मोलाची वाटते. शिवाय त्यामुळे आपल्यालाही नमुने हवे तसे जुळवण्याचा पूर्ण अधिकार मिळतो.

लोकरीतले दोष सांगितले नाहीत तर हे परीक्षण अपुरे राहील. पहिला दोष गाठींचा. माझ्या लडींपैकी काहींत सूत मध्येच तुटलेले आणि गाठ मारून जोडलेले निघाले. अ‍ॅक्रिलिकमध्ये अशी गाठ आली तर ओळीच्या कडेशी नेऊन टोके मागे ओवावी लागतात. शुद्ध लोकरीत अधिक चांगला उपाय आहे. गाठ कापून टाकायची, दोन्ही टोकांचे पदर दोन-तीन इंच उलगडून प्रत्येकातले अर्धे कापायचे, उरलेले पदर एकमेकांवर ठेवायचे, तळहातावर थोडे पाणी घेऊन ओले करायचे आणि दोन तळव्यांमध्ये जोराने चोळायचे. लोकरीच्या तंतूवर अगदी सूक्ष्म खवले असतात. ओलावा, उष्णता आणि घर्षण मिळाले की ते एकमेकांत अडकतात आणि सांधा जणू मूळ सुताचाच भाग होतो. तळवे गरम झाल्यावर जोड ओढून पाहिला, तो सुटला नाही, आणि विणल्यावर तो कुठे आहे हे आता मलाही सापडत नाही. उपाय चांगला असला तरी ज्या किमतीला ही लोकर विकली जाते त्या किमतीत इतक्या गाठी असू नयेत. दुकानात हे सांगितल्यावर मालकीणबाईंनी वाद न घालता पुढच्या खरेदीत लडी उघडून पाहू देण्याचे मान्य केले.

दुसरा दोष काडीकचऱ्याचा. सुतात मधूनमधून गवताचे बारीक तुकडे अडकलेले असतात. गुंडा करताना ते नखाने काढून टाकावेत, विणताना काढायला गेले तर टाका खेचला जातो. तिसरा दोष रंगाचा. राखाडी रंग मुळीच उतरला नाही, परंतु मरून रंगाच्या लडीचा तुकडा ओल्या पांढऱ्या कापडावर दाबला तेव्हा गुलाबी डाग स्पष्ट उमटला. दोन रंगांचे काम करायचे असल्यास ही चाचणी घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. रंगांची निवडही मोजकीच आहे. पिवळा आणि हिरवा जवळजवळ मिळत नाहीत.

किंमत अ‍ॅक्रिलिकच्या सुमारे तिप्पट पडते. ३८ इंच छातीच्या स्वेटरला सुमारे ४५० ग्रॅम लोकर लागली; वेण्या आणि दाणेदार वीण साध्या विणीपेक्षा अधिक सूत खातात, म्हणून ५०० ग्रॅमच घ्यावी. एकाच रंगाच्या दोन वेगळ्या लॉटमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या वेळी रंगवलेल्या मालात, डोळ्यांना कळेल इतका फरक असतो, तेव्हा सगळ्या लडी एकदमच घ्याव्यात. न उघडलेली लड दुकान परत घेते. शहरातल्या इतर दुकानांत मला ही सोय आढळली नाही, आणि तिच्यामुळे जादा लड घेण्याची धास्ती राहत नाही. दुकानात सुया सगळ्या नंबरांच्या मिळतात, जादा सुई मात्र वेगळी मिळत नाही. मोज्यांच्या दुटोकी सुयांमधली एक घेतली तरी काम उत्तम होते, फक्त ती मुख्य सुईपेक्षा बारीक असावी.

धुण्याच्या बाबतीत ही लोकर जपणूक मागते. गरम पाणी आणि चोळणे यांनी सुताचा जोड पक्का होतो, त्याच दोन गोष्टींनी अख्खा स्वेटर आटून जाड नमद्यासारखा होऊ शकतो. मी रिठ्याच्या कोमट पाण्यात तो नुसता बुडवून ठेवते, न पिळता टॉवेलमध्ये गुंडाळून दाबते आणि सावलीत सपाट पसरते. दोरीवर टांगला तर पाण्याच्या भाराने उंची वाढते. सोड्याची पावडर टाळावी, कारण अल्कलीने लोकरीचा तंतू कमजोर होतो. पहिल्या धुण्यानंतर स्वेटर ओला असतानाच मापावर बसवून कडांना टाचण्या लावल्या. सुकल्यावर वेण्या अधिक उठल्या आणि टाक्यांमधली बारीकसारीक असमानता नाहीशी झाली. भिजल्यावर सुताला मेंढीचा किंचित वास येतो, सुकल्यावर तो जातो.

उन्हाळ्यात स्वेटर ठेवताना कसर लागण्याचा धोका खराखुरा आहे, कारण त्या किडीच्या अळ्या लोकरीवर जगतात आणि घामाचे डाग राहिलेल्या जागा त्यांना आधी सापडतात. स्वच्छ धुऊन, पूर्ण वाळवून, सुती कापडात गुंडाळून आणि कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून तो बंद पेटीत ठेवावा आणि मधून एकदा उन्हे दाखवावीत.

तान्ह्या मुलांसाठी, रोज यंत्रात धुतल्या जाणाऱ्या कपड्यांसाठी आणि ज्यांना नवशिकेपणी वारंवार उसवावे लागणार आहे त्यांच्या पहिल्या कामासाठी मी या लोकरीची शिफारस करणार नाही. ज्यांना सुलट-उलट टाके सहज जमतात आणि ज्यांच्या मनात एखादा वेणीदार स्वेटर बरेच दिवस घोळत आहे, त्यांनी मात्र दिवाळीच्या आधीच दुकान गाठावे, कारण थंडी सुरू झाल्यावर फिकट रंगांच्या एका लॉटच्या पाच लडी एकत्र मिळणे कठीण होते.